पंधराची वजाबाकी

मुंगीने लाल ठोकळा गालाशी धरला आणि ती बादलीकडे टक लावून बसली. कानात आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ होता, आणि तीन वर्षांची मुंगी तो जीव ओतून खेळत होती. काचेच्या पलीकडून कानवाल्या मॅडमनी चाळीस डेसिबलचा आवाज सोडला. ठोकळा गालाशीच. पंचेचाळीस, पन्नास, तरी तेच. पंचावन्नला ठोकळा धाडकन बादलीत पडला आणि मुंगी शाबासकीसाठी आईकडे वळून हसली.

मॅडमना काही कळेना. फायलीत तर चाळीस लिहिलं होतं.

"लक्ष नाहीये हिचं," त्या आईला म्हणाल्या.

"आहे हो. आठवडाभर घरी ठोकळ्यांचाच खेळ चाललाय आमचा." आईचा आवाज घोगरा होता, घसा धरल्यासारखा.

मॅडमनी हेडफोन बदलला. कानात मळ आहे का ते बॅटरी लावून पाहिलं. मधे पाच मिनिटं मुंगीला खिडकीपाशी फिरवून आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उजवा कान पंचावन्न, डावाही पंचावन्न. पोरगी इतकी चोख उत्तरं देत होती की तिच्यावर खापर फोडायला जागाच उरली नाही.

मग त्यांनी मुंगीच्या नवव्या महिन्यातल्या तपासणीचा जुना कागद काढला. नऊ महिन्यांच्या बाळाला 'ऐकू येतंय का' असं विचारून उपयोग नसतो. ते झोपलं की कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवायच्या, कानात टकटक सोडायची आणि मेंदूतून उठणारी बारीकशी लाट कागदावर शोधायची. आवाज कमी करत नेला की एका ठिकाणी लाट दिसेनाशी होते. पण कान त्याहून थोडं हळूही ऐकत असतो, म्हणून लाट दिसलेल्या शेवटच्या आकड्यातून पंधरा वजा करायचे. मॅडम वीस वर्षं ही वजाबाकी करत होत्या. हात आपोआप चालायचा.

सत्तरच्या रेघेवर लाट होती. पासष्टच्या रेघेवर नव्हती. खाली यंत्राने छापलेला आकडा होता पंचावन्न, आणि त्याच्या शेजारी निळ्या शाईत, मॅडमच्या गोल अक्षरात, चाळीस.

त्यांनी चक्क बोटांवर मोजलं. सत्तरातून पंधरा गेले, पंचावन्न. मग हे चाळीस आले कुठून? त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, पुन्हा मोजलं. यंत्र तेव्हा नवीन होतं, मुंगीच्या त्या तपासणीच्या महिनाभर आधीच बसवलेलं. बसवायला आलेला माणूस चहा पिता पिता म्हणाला होता, "आता तुम्हाला काही करायला नको, मॅडम, वजाबाकी हेच करतं." त्यांनी मान डोलावली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या हाताने पुन्हा पंधरा वजा केले होते.

यंत्र बरोबर होतं. मुंगीही बरोबर होती. तिची कानातली मशीन्स मात्र चाळीसच्या हिशेबाने लावलेली होती, दोन वर्षं. आणि नव्या यंत्रावर तपासलेल्या बाळांपैकी ठोकळ्यांच्या वयाला पोहोचलेली ही पहिलीच.

नजर हटवायची म्हणून मॅडमनी पान उलटलं, तर सहा महिन्यांपूर्वीचा शेरा समोर आला. 'शब्द अजून नाहीत. घरात बोलणे अपुरे. आईला समज दिली.' अक्षर तेच, शाईही तीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि इथे तर चोरानेच निकाल दिला होता.

आई काचेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"कमी झालंय का मॅडम तिचं ऐकणं? खरं सांगा."

किती सोपं होतं. 'हो, थोडं उतरलंय, होतं असं कधीकधी,' एवढं म्हटलं की मशीनचा आवाज वाढवता आला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पण समोरची बाई दिवसभर बोलून बोलून घसा बसवून आली होती.

"कमी नाही झालेलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून एवढंच होतं. मीच चुकीचा आकडा लिहिला. मशीन हळू लावली गेली."

आईने वळून मुंगीकडे पाहिलं.

"म्हणजे मी बोलत होते ते?"

"निम्मंअधिक पोचतच नव्हतं तिला."

आईने ओढणीचं टोक मुठीत धरलं, सोडलं. रडली नाही. चिडलीही नाही, आणि तेच मॅडमना सोसेना.

"घरी तुम्ही सांगाल का?" ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, आईच मुकी तर पोर कुठून बोलणार. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटायचं नाही."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. आईने फोन लावून दिला. खोलीत रेंज नीट येईना, म्हणून मॅडम फोन घेऊन दाराबाहेर आल्या. बाकावर पाच-सहा जण पोरं मांडीवर घेऊन बसले होते.

"काय गं, पुन्हा तुलाच बोलल्या ना मॅडम?" पलीकडून म्हातारा आवाज आला.

"मी मॅडमच बोलतेय, आजी. तुमच्या सुनेची काही चूक नाही. चूक माझी झाली."

"काय? हळू बोलताय तुम्ही. मला नाही ऐकू येत."

मॅडमनी एकदा बाकाकडे पाहिलं. मग श्वास भरून घेतला.

"चूक माझी झाली," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी पोरीच्या कानाचा आकडा चुकीचा लिहिला."

बाकावरची कुजबुज थांबली. सगळ्यांनी वर पाहिलं. त्यांतल्या तिघांच्या पोरांच्या कानांत मशीन्स होती, आणि तिघांचेही आकडे मॅडमनीच लिहिलेले होते.