एकाच गाडीची टक्कर

छोटी गाडी बंद पडून इतकी वर्षं लोटली होती की निम्म्या गावाने ती पाहिलीच नव्हती. पण पार्किंगला जागा हवी म्हणून स्टेशनची इमारत पाडायची नोटीस भिंतीवर चिकटली आणि जो तो गाडीच्या आठवणी काढायला लागला. टपरीवर आठवणी, सलूनमध्ये आठवणी, बँकेच्या रांगेत आठवणी. गाडी बंद पडल्यावर जे जन्माला आले होते त्यांना तर ती जरा जास्तच आठवायची.

खरी आठवण होती ती एकट्या स्टेशनताईला. शेवटच्या स्टेशनमास्तरांची ही मुलगी. जन्म स्टेशनमागच्या क्वार्टरमधला, बालपण फलाटावरचं. पुढे आयुष्यभर तिने गावातल्या मुलींना शिवणकाम शिकवलं, पण नाव पडलं ते पडलंच. आता धाकट्या भावाकडे, स्टेशनमागच्याच गल्लीत राहायची. रोज संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर जाऊन बसल्याशिवाय तिला जेवण जात नसे. ती इमारत वाचावी म्हणून तिचा जीव तीळतीळ तुटत होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथेच सगळा घोळ झाला.

इमारत वाचवायला इतिहास समिती निघाली. अध्यक्ष झाले चष्म्याच्या दुकानाचे मालक. गावात कसलीही समिती निघो, अध्यक्ष तेच. वेगळा माणूस निवडायचा म्हणजे वेगळा हार मागवायला लागला असता. बैठका त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायच्या. भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आणि त्याच्याखाली अध्यक्ष. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की वारसा खात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. जागेवर काहीतरी ऐतिहासिक घडलेलं असलं तर इमारतीला कोणी हात लावू शकत नाही. घडलेलं नसलं तर पार्किंग. तेव्हा ताईंनी आठवून सांगावं, काय काय घडलं.

ताई बिचारी मनापासून आठवायला लागली. एक इंजिन, मागे तीन-चार डबे. सकाळी वर जायची, संध्याकाळी तीच खाली यायची. ड्रायव्हरची टोपी उडाली तर गाडी थांबायची, आणि टोपी शोधायला उतारू खाली उतरायचे. एकदा रुळांच्या मधोमध कोंबडी अंड्यांवर बसली होती, तेव्हा गाडीने बराच वेळ वाट पाहिली होती.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. कोंबडी इतिहासात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अपघात वगैरे?

नाही, ताई म्हणाली. बाबांच्या अख्ख्या नोकरीत एकही नाही.

हे ती अभिमानाने बोलली होती, पण खोलीत सगळे मयताला बसल्यासारखे दिसायला लागले.

आता या बाबांविषयी सांगायला हवं. गाडी सोडायची म्हणजे त्यांची एक चक्कर असायची. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. वेटिंग रूममध्ये डोकवायचं, मग कंदील ठेवायच्या खोलीत, मग तिकीटखिडकीमागे. वाकून डब्यांखाली बघायचं. कोणी मध्येच बोलण्यात गुंतवलं तर चक्कर पुन्हा पहिल्यापासून. मगच खिशातून हिरवं निशाण निघायचं. उतारू वैतागायचे. मास्तर, आत कोण असणार आहे, असं विचारायचे. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, कोणी नाही हेच बघायला चाललोय. गावाने त्यांचं नाव चक्करमास्तर ठेवलं होतं आणि पोरं त्यांच्यामागे वाकून वाकून चालायची.

संध्याकाळी घरी आले की टोपी खिळ्याला अडकवायची आणि आईला सांगायचं, "आजही काही झालं नाही." आई म्हणायची, "हात धुवा मग, वाढते." रोज हेच. कधीकधी टोपी पहिल्या फटक्यात खिळ्यावर बसायची नाही, दोन-तीनदा खाली पडायची, आणि ताईला हसू यायचं. लहानपणी तिला या बापाची जराशी लाजच वाटे. शेजारच्या हवालदाराच्या पोरीकडे रोज नवी चोरी असायची. हिच्याकडे काय, तर काही झालं नाही.

तर समितीने ठरवलं की अपघात नसेल झाला, होता होता तर वाचला असेल. समोरासमोर दोन गाड्या आल्या, मास्तर निशाण घेऊन रुळांवर धावले, शेकडो जीव वाचले. सलूनवाल्याने तर तिथल्या तिथे सांगून टाकलं की त्याचे वडील त्या गाडीत होते आणि त्यांची अर्धी दाढी तशीच राहिली होती. धाकट्याने मान डोलावली. गाडी बंद पडली तेव्हा धाकटा पाळण्यात होता, पण आवाज आठवतो म्हणाला.

ताई खोडून काढणार होती, पण तिने राहू दिलं. बाबा रुळांवर धावतायत हे चित्र तिला, खोटं कशाला बोला, आवडलं होतं. जन्मभर चक्करमास्तर म्हणून ज्यांना हसले त्यांना आता लोक नायक म्हणतायत, तर म्हणू दे की. त्या रात्री तिला छान झोप लागली.

पण पुढच्याच आठवड्यात बातमी आली की खालच्या स्टेशनाला पाटी मिळाली, नवी बाकं मिळाली, रंग मिळाला. का, तर तिथे माणसं दगावली होती. वाचलेल्या अपघाताला साहेब विचारत नाहीत, झालेला लागतो, असं तिथल्या समितीने मिशीला पीळ देऊन कळवलं. झालं, अध्यक्षांचं तोंड पडलं. तातडीची बैठक बसली आणि वाचलेला अपघात सर्वानुमते झाला. किती माणसं गेली यावर थोडी घासाघीस झाली. सलूनवाल्याने आपल्या वडिलांना मारायला नकार दिला, कारण ते समोरच बसले होते.

आता अपघात म्हटला की चूक कोणाची तरी हवी. ड्रायव्हरची म्हणावी, तर ड्रायव्हरचा नातू समितीला खुर्च्या फुकट द्यायचा. रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची म्हणावी, तर सांधेवाल्याचा गोतावळा अर्ध्या पेठेत पसरलेला, कोण वैर घेणार? राहता राहिले मास्तर. त्यांच्यामागे दोनच माणसं, एक ताई आणि एक धाकटा. आणि धाकट्याला समितीचं उपाध्यक्षपद देऊ केलं होतं.

"गाडी एकच होती," ताई म्हणाली. "टक्कर झाली कुणाशी?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. मग फार मायेने म्हणाले की ताई, तुम्ही तेव्हा लहान होता. सलूनवाल्याच्या वडिलांना लगेच दुसरी गाडी आठवली. मालगाडी होती, खास सोडलेली. ती आली कुठून आणि गेली कुठे, हे विचारायचं कोणाच्याही मनात आलं नाही. कारण येत्या सोमवारी साहेब येणार होते.

घरी आल्यावर बहीण-भावात जुंपली. धाकट्याचं म्हणणं, बाबा जाऊन जमाना झाला, त्यांना आता काय फरक पडतो? इमारत राहील, पाटीवर बाबांचं नाव राहील, आणि ताईचं बाकही राहील. एवढं एक वाक्य बोलायला तिचं काय जातं? वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याकडे अशी बघत होती की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता.

"पाटीवर काय लिहिणार?" ताईने विचारलं. "यांनी माणसं मारली, असं?"

"ताई, बाक तुला हवंय ना?"

हे मात्र तिला लागलं. हवं होतं बाक. त्या बाकावर बसलं की क्वार्टरची खिडकी दिसायची, जिथून आई हाक मारायची. ते गेलं की आईबापाची उरलीसुरली खूणही जाणार. आणि ठेवायचं तर बापाच्या कपाळावर डाग लावून ठेवायचं. ती ताटावरून उठली आणि शिवणयंत्राशी जाऊन नुसतीच बसून राहिली.

सोमवारी साहेब आले. थकलेला, सभ्य माणूस. अध्यक्षांनी त्यांना फलाटाची फुटलेली कड दाखवली, इथेच मालगाडी घसरली म्हणून. ती कड मागच्या वर्षी सिमेंटच्या ट्रकने फोडली होती आणि त्या वेळी भरपाई मागायला पुढे अध्यक्षच होते. सलूनवाल्याचे वडील रडले. फारच छान रडले. शेवटी साहेब ताईकडे वळले आणि म्हणाले की तुम्ही इथल्याच, तुम्ही सांगा, काय झालं होतं?

धाकटा मागून तिचा पदर ओढत होता.

"काही झालं नाही," ताई म्हणाली. "माझे वडील इथे होते तोवर इथे कधीच काही झालं नाही. रोज घरी येऊन हेच सांगायचे."

साहेबांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले की या मार्गावरच्या प्रत्येक गावात त्यांनी एकेक टक्कर ऐकली. काही झालं नाही असं सांगणाऱ्या ताई पहिल्याच. त्यांना मनापासून बरं वाटलं. पण काय करणार, काही न झाल्याची पाटी लावायची सोय खात्यात नव्हती. त्यांनी ताईला हात जोडले, गाडीत बसले, आणि इमारत गेली.

गावाने ताईशी बोलणं टाकलं. एका म्हातारीच्या हट्टापायी गावाचा इतिहास बुडाला, असं अध्यक्ष गिऱ्हाइकांच्या डोळ्यांवर काचा चढवता चढवता सांगायचे. धाकटा घरातल्या घरात तिच्याशी वहिनीमार्फत बोलायला लागला. ताई संध्याकाळी बाकावर मात्र जायची, असेल तितके दिवस.

पाडायच्या दिवशी सकाळीच ती तिथे हजर झाली. शिवणयंत्राच्या खणातून बाबांचं हिरवं निशाण काढून आणलं होतं. ठेकेदार फोनवर होता. भलंमोठं पिवळं मशीन कंदिलांच्या खोलीच्या भिंतीशी घरघरत उभं होतं. ताईने मशीनवाल्याला हात करून थांब म्हटलं, मी एक चक्कर मारून येते.

"आजी, आत कोण असणार आहे?" तो म्हणाला.

"कोणी नाही हेच बघायला चाललेय."

तो हसला, पण थांबला. सकाळीसकाळी म्हातारीशी वाद कोण घालणार? ताई फलाटाच्या टोकापासून निघाली. वेटिंग रूममध्ये डोकावली. तिथे वाळवी आणि कबुतरं. मग कंदिलांच्या खोलीचं दार ढकललं.

आत अध्यक्ष स्टुलावर उभे होते आणि धाकट्याने स्टूल धरलं होतं. दोघं मिळून स्टेशनची पितळी घंटा भिंतीतून उपटत होते. समितीच्या ऑफिसात लावायला. ठेकेदाराला पत्ता लागू नये म्हणून मागच्या दाराने आले होते. मशीनचा आवाज ऐकला होता, पण पाडायला सुरुवात तिकीटखिडकीकडून होणार असं अध्यक्षांनी ठरवून टाकलं होतं. ते कुणाला सांगायचं मात्र राहिलं होतं.

ताईने धाकट्याचं मनगट धरलं, अध्यक्षांची बाही धरली आणि शाळेतून पळालेल्या पोरांना आणावं तसं घंटेसकट दोघांना बाहेर आणलं. मग मध्येच खंड पडला होता म्हणून पुन्हा फलाटाच्या टोकाशी गेली आणि सगळी चक्कर पहिल्यापासून मारली. वेटिंग रूम, कंदिलांची खोली, तिकीटखिडकी. वाकून मशीनखालीसुद्धा बघितलं. मशीनवाला आता हसत नव्हता. तो तिच्याकडेच डोळे लावून बसला होता.

तिने निशाण उघडून वर धरलं. मशीनचा हात उठला आणि कंदिलांची खोली पहिल्या धक्क्यात खाली बसली.

धूळ विरल्यावर स्टुलाचा एक पाय तेवढा दिसत होता. धाकटा त्या पायाकडे बघत राहिला. अध्यक्षांच्या हातात घंटा तशीच होती आणि ती बारीक बारीक वाजत होती, कारण हात थरथरत होते.

"ताई," ते म्हणाले, "हे कुठे बोलू नका. काही झालेलं नाही. झालंय का काही?"

जन्मात पहिल्यांदा त्या स्टेशनवर घटना घडली होती, तीही खुद्द अध्यक्षांच्या देखत, आणि ती झालीच नाही म्हणून ते हात जोडत होते. ताईला हसायला यायला हवं होतं. पण तिला आधी बसायला हवं होतं. ती बाकावर बसली. मशीनवाल्याने ती उठेस्तोवर दुसऱ्या भिंतीला हात लावला नाही.

त्या बाकावर बसल्या बसल्या तिला बाबांची टोपी आठवली, दोन-तीनदा खिळ्यावरून खाली पडणारी. अशा किती संध्याकाळी होत्या? त्या त्या दिवशी कोण होतं आत, कोण झोपलं होतं डब्याखाली, कुणाचं पोर? बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि ती मात्र हसत होती. तिला आता रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

घरी पोचल्यावर ती निशाणाची घडी शिवणयंत्राच्या खणात ठेवायला गेली. घडी दोनदा खाली पडली. मागोमाग धाकटा आला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. त्याने खाली वाकून निशाण उचललं आणि बहिणीच्या हातात दिलं. वहिनी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काय झालं तिकडे, तिने विचारलं.

"काही नाही गं," ताई म्हणाली. "आजही काही झालं नाही."

वहिनीने नवऱ्याच्या केसांतला चुना बघितला आणि त्याच्या पडलेल्या तोंडाकडे बघितलं.

"हात धुवा मग," ती म्हणाली. "वाढते."