साठ तासांचे सोबती

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईंनी पंचेचाळिशीत पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्यांना ‘काकू’ करून टाकलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “डोळे सांभाळ गं. लोकांचे चष्मे करता करता तुलाच लागायचा.”

भूगोलाची पदवी अगदी हाताशी आली होती. राहिला होता एकच विषय, नकाशाशास्त्र. चार क्रेडिट, म्हणजे वर्गात बसून साठ तास. घरी वाचून नुसती परीक्षा दिलेली चालत नव्हती. आणि नेमका तोच वर्ग रद्द झाला. निदान सहा विद्यार्थी लागत, नाव होतं एकट्या काकूंचं. बाकीच्यांनी सोपा म्हणून पर्यटन हा विषय घेतला होता.

“पुढच्या वर्षी करते की,” काकू म्हणाल्या.

“पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय. मग तुम्हाला आणखी विषय करावे लागतील,” विभागप्रमुख बाईंनाही वाईट वाटत होतं. “नियमापुढे माझा इलाज नाही हो.”

काकू कॅन्टीनमध्ये येऊन बसल्या. वर्गातला एक बडबड्या मुलगा शेजारी होता. “काकू, डबा का उघडत नाही?” त्याने विचारलं. काकूंनी हसत हसतच सगळं सांगितलं, पण शेवटी पदराने डोळे पुसले. बडबड्या अर्धा चहा तसाच टाकून उठला.

सोमवारी त्या नाव काढून घ्यायला गेल्या, तर कारकून म्हणाले, “नाव कशाला काढता? वर्ग भरतोय. समोरच्या खोलीत. पळा!”

आत पाचजण बसले होते. बडबड्या, त्याचा उंच मित्र, नेहमी जोडीने फिरणाऱ्या दोघी आणि खिडकीपाशी ती फणकारी मुलगी. तासाला फोनवर बोलते म्हणून काकूंनी एकदा तिला झापलं होतं. तेव्हापासून अबोला.

“अरे, तुमचे क्रेडिट तर पूर्ण आहेत!”

“जास्त झाले म्हणून कुणी पदवी काढून घेत नाही,” बडबड्या म्हणाला.

“उपकार वगैरे मानू नका,” फणकारी म्हणाली. “पाचवं कुणी मिळेना म्हणून आले. बसा आता.”

नकाशाशास्त्राच्या सरांनी तास सकाळी आठला ठेवला, काकूंचं दुकान दहाला उघडतं म्हणून.

पुढे सगळं गोड होतं असं नाही. नकाशावर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा बघून दोघींचं डोकं दुखायचं, उंच मुलगा चक्क घोरायचा. हजेरी कमी पडू नये म्हणून काकू सकाळी एकेकाला फोन करून उठवायच्या. मग सासूबाई दवाखान्यात पडल्या आणि काकूंचेच तास बुडाले. तेव्हा फणकारी ड्रॉइंगचे कागद घेऊन दवाखान्यात आली, स्टुलावर बसून तिने राहिलेलं सगळं शिकवलं.

“कुणाची गं ही पोर?” सासूबाईंनी विचारलं.

“माझ्या वर्गातली.”

“मग पाणी तरी विचार तिला!”

बुडालेले तास सरांनी शनिवारी भरून काढले. बाकीच्यांना यायची गरज नव्हती, तरी सगळे आले.

काकू चांगल्या गुणांनी पास झाल्या. बडबड्या काठावर सुटला.

निकालानंतरच्या रविवारी त्यांनी सरांना आणि पाचही जणांना जेवायला बोलावलं. आभाराचे दोन शब्द मनात जुळवून ठेवले होते, पण बोलायला उभ्या राहिल्या आणि एकदम वाढायलाच लागल्या. शेवटी सासूबाईच बोलल्या.

“लेकरांनो, आमच्या सुनेला तुम्ही पदवीधर केलंत. आता लाजू नका, पोटभर जेवा.”

कुणीच लाजलं नाही. सरांनी तर दोनदा वाढून घेतलं.