कुसुनोकीबाईंचा पाहुणचार

चिनात्सुने झेप घेतली आणि लांब दांड्याची नागिनाता फिरवून तिच्या गुरू कुसुनोकीबाईंच्या नडगीवर वार केला. बांबूचं पातं बाईंच्या पायावरच्या पट्ट्यांवर टक्‌ करून वाजलं.

“छान!” बाई म्हणाल्या. “फारच छान.”

शिरस्त्राणाच्या जाळीआड चिनात्सुचा चेहरा पडला.

ऐन थंडीतला पहाटेचा सराव होता. रिवाजाप्रमाणे दालनाच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आत भुरभुरलेलं बर्फ अनवाणी पायांखाली विरघळत होतं. अशा गारठ्यात कौतुकाचा शब्द ऐकून कुणालाही ऊब वाटली असती. पण इथे कौतुक कुणाच्या वाट्याला येतं, हे चिनात्सु शाळकरी वयापासून पाहत आली होती. नगरपालिकेचे साहेब आले की त्यांना बसायला गादी, गरम चहा आणि ‘छान’. इथे शिकणाऱ्या घरच्या मुलींना नुसता मार आणि बोलणी.

बाळंतपणानंतर ती परत आली त्या दिवशी बाईंनी तिच्यापुढे गादी सरकवली होती. “बसा हो, पाय गारठतील.” तो ‘हो’ तिला आठवडाभर टोचत होता.

पलीकडून सायो लंगडत आली. दोघी लहानपणापासूनच्या जोडीदारणी.

“माझ्या नडग्यांची वांगी झालीत,” ती म्हणाली. “बाई म्हणतात, नागिनाता धरलीयस की अंगणातलं बर्फ लोटतेयस?” सांगताना तिचा चेहरा फुलला होता. “तुझं बरंय बाई. रोज वाहवा!”

“घे ना मग अर्धी.”

चिनात्सुने हातमोज्याची गाठ उगाचच करकचून आवळली. निघताना तिने नवऱ्याला, र्योहेईला, सांगूनच टाकलं होतं, आजही कौतुकच झालं तर उद्यापासून जाणार नाही. तान्ह्या कोहारूला पाजून, अंधारात बर्फ तुडवत यायचं, ते काय पाहुणी म्हणून? त्याने फक्त तिचा गळपट्टा नीट केला होता.

“या,” बाईंनी दुसऱ्यांदा बोलावलं.

तिने वार केला, आणि या वेळी तिला स्वतःचेच हात दिसले. पातं नडगीशी पोचता पोचता मनगटं ते आवरून धरत होती. ती नव्हती तेवढ्या काळात बाई बऱ्याच वाकल्या होत्या. परत आल्या दिवशीच तिने ते पाहिलं होतं, आणि तेव्हापासून निजलेल्या कोहारूवर पांघरूण घालावं तसा तिचा हात चालला होता.

चिनात्सु दोन पावलं मागे सरली. श्वास भरून घेतला. मग पोटातून आरोळी आली आणि तिच्यामागोमाग अख्खं अंग.

फाडकन आवाज झाला. बाई एका गुडघ्यावर आल्या.

“अगं बाई!” सायो ओरडली.

चिनात्सु धावत पुढे गेली. “बाई, लागलं का हो?”

“थांबलीस कशाला?” बाई गरजल्या. “शत्रूची विचारपूस करतेस? आणि कंबर कुठाय तुझी? बाळंतघरी विसरून आलीस? आठवडाभर मला गोंजारतेयस. मी काय काचेची आहे गं?”

त्या उठल्या, आणि मग वार मोजायला उसंतच उरली नाही. मनगट, डोकं, नडगी, पुन्हा तीच नडगी. भिंतीपर्यंत रेटली गेलेली चिनात्सु घसरून पाठीवर पडली.

“ऊठ!”

ती उठली. पुन्हा पडली.

“ऊठ गं! झोपायला घर आहे ना तुझं?”

छाती दुधाने ठणकत होती, नडग्या पेटल्या होत्या, आणि जाळीआड ती हसत होती. इतकं की आरोळी धड निघेना. त्याबद्दलही बोलणी बसली.

उजाडलं तेव्हा दाराशी र्योहेई उभा होता, पाठीवर बांधलेली कोहारू भुकेने त्याचा कान ओढत होती. बायकोला लंगडत येताना पाहून त्याने आधी तिचे पाय पाहिले, मग चेहरा.

“काय म्हणाल्या?”

“मला काहीच येत नाही म्हणाल्या.” तिने कोहारूला छातीशी घेतलं. “उद्या सगळ्यांच्या आधी बोलावलंय. जमीन पुसायला.”

“जमीन पुसायला?”

“सगळी. एकटीने.”

र्योहेईने खिशातून फोन काढला.

“थांब,” तो म्हणाला, “ही खुशखबर तुझ्या आईला आधी कळवू.”