आमचा राहिलेला शेवट

पिक्चरच्या शेवटी हिरो वाचते. वाचते अन् हिरोइनशी लगन करते. हे मी चाळीस वर्षांपासून सांगून राहिली, अन् माही लहान बहीण कामिनी तितक्याच वर्षांपासून मले मूर्खात काढून राहिली. "ताई, मरते वं तो," म्हणते. एकदा भाच्याच्या लग्नात यावरून आमचं इतकं वाजलं, की पंगतीत मी तिच्या बाजूले बसली नाही.

मी पिक्चर अर्धवट पाहिला होता, हे खरं. आम्ही तेव्हा रामटेकजवळ शेतीवर राहत होतो. नवं लगन. पिक्चर लागला नागपूरले, अन् शेवटची एसटी पकडायची तर मोठी मारामारी सुरू झाली की उठावं लागे. दोनदा गेलो, दोनदा तसेच उठलो. तरी त्या हिरोनं मले याड लावलं होतं. ट्रक ड्रायव्हर. लाकडाच्या टालावर एकटा वीस गुंडांले लोळवे, अन् बांगड्यांच्या दुकानात ती समोर आली की याच्या तोंडून शब्द नाही निघे. आमचे हे तसेच होते. गुंड सोडून.

मग एकदा हे विहिरीवरची मोटर दुरुस्त करायले एकटेच नागपूरले गेले. मुक्काम पडला अन् पूर्ण पिक्चर पाहून आले. मी विचारलं, शेवटी काय होते? म्हणाले, "वाचते. लगन होते." झालं. यायनं डोळ्यांनी पाहिलं म्हटल्यावर मी कामिनीचं कशाले ऐकू? टीवीवर लागे तेव्हा पाहून घेतलं असतं, पण शेवटाच्या वेळेले यायले नेमका चहा पायजे.

आता आम्ही नागपुरातच राहतो, अन् औंदा तो पिक्चर पुन्हा टॉकीजले लागला. माया पोरानं, अमोलनं, तिकिटं काढली, अन् मी कामिनीले मुद्दाम बोलावलं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. हे मात्र तयारच नाही. गुडघा दुखते, एसी सोसत नाही, "काय पाहायचं राहिलं वं त्यात?" मी भडकली. म्हटलं, "तुम्ही बसा इथं मनीषनगरात, मी चालली." तेव्हा मुकाट्यानं चपला घातल्या.

दुपारचा खेळ. हॉलमध्ये सारी आमच्याच वयाची मंडळी, अन् फायटिंगले शिट्ट्या मारून राहिली. मीही लाज सोडून टाळ्या पिटल्या. मोठी मारामारी सुरू झाली, अन् या वेळी उठायचं काही काम नव्हतं. हिरोले गोळी लागली. मी म्हटलं, उठते आता. नाही उठला. हिरोइन त्याचं डोकं मांडीवर घेऊन नावानं हाका मारू लागली, अन् कामिनीनं मले कोपर मारलं.

ते नाव आमच्या घरचं होतं. हा पिक्चर पाहिला तेव्हा माया पोटात पहिलं लेकरू होतं. पोरगा झाला तर हेच नाव, असं यायनं परतीच्या एसटीत ठरवलं अन् घरी साऱ्यांले सांगूनही टाकलं. पोरगाच झाला. बारशापर्यंत नाही राहिला. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही. त्या हिरोलेही मी हिरोच म्हणते.

लाइट लागले. कामिनी बाथरूमले गेली. मी बाहेरच्या बाकावर बसली, अंगाची नुसती आग होऊन राहिली होती.

"खोटं काहून सांगितलं?" मी यायले म्हटलं. "साऱ्या नातेवाइकांत माही शोभा करून ठेवली तुम्ही."

हे गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "तू तेव्हा जेवून नव्हती राहिली. कोणाशी बोलून नव्हती राहिली. मी नागपूरहून आलो तर पहिल्यांदा तोंड उघडलं, अन् विचारलं काय, तर शेवटी काय होते. पोरगं जाऊन महिना नव्हता झाला वं. त्या नावाचा अजून एक मेला, हे मी तुले कोणत्या तोंडानं सांगू?"

मले रडूच आलं, भर गर्दीत.

कामिनी पदराले हात पुसत आली. "बोल ताई आता. मेला ना?"

"मेला वं," मी म्हटलं. "दोघंही मेले."

ती बाकावर माया बाजूले येऊन बसली.