मागचा दिवा

"हा फोडला कुणी?" केरूनं विचारलं.

काउंटरवर ट्रकच्या पुढच्या दिव्याचा सीलबीम होता. म्हणजे काच एका फडक्यात आणि उरलेलं दुसऱ्या फडक्यात.

"फोडला नाय भाऊ, उघडला," लासलगावचा ट्रकवाला म्हणाला. "आतला बल्ब बदलायचा व्हता ना. छिन्नी लावली हळूच."

"अरे, सीलबीम म्हणजे काच, आरसा, तार, सगळं एकाच पोटात. जळाला की अख्खा बदलायचा. नारळ फोडून आतलं पाणी बदलतोस का तू? आणि व्होल्ट किती होता?"

"ते तुम्हाला म्हाईत आसंल. दुकान तुमचं हाय."

केरूनं कपाळावर हात मारून घेतला. सारडा सर्कलजवळच्या त्या मोटार-पार्टच्या दुकानात तो बल्बच्या काउंटरवर बसायला लागला तेव्हा त्या कपाळावर केस होते. रोज हात मारून मारून ते मागं सरकले, असं गल्लीतले लोक सांगत, आणि ते अगदीच खोटं नसावं.

बल्ब निवडणं म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखं. लष्करी कॅम्पातल्या लिलावातून आलेली जीप चोवीस व्होल्टची, शहरातली जीप बाराची. एकीचा दिवा दुसरीला लावला की एक तर तो डोळा मिचकावून जागीच मरतो, नाहीतर चुलीतल्या निखाऱ्यासारखा लालसर कुढत बसतो. शिवाय स्कूटरचे बल्ब, मोपेडचे, मीटरमधले वाटाण्याएवढे, ट्रॅक्टरचे, डॉक्टरच्या घसा बघायच्या बॅटरीतले. गिऱ्हाईक येऊन म्हणणार, "एक बल्ब द्या." कसला? तर, "पेटणारा."

म्हणून केरूनं नियम केला होता : मेलेला दाखवा, जिवंत न्या. मेलेला बल्ब तो बोटांत फिरवी, त्याच्या पितळी टोपीवरचे आकडे वाची, आकडे पुसलेले असले तर कानाशी धरून हलवी. एकदा म्हणे त्यानं डोळे मिटून नुसत्या वासावर चोवीसचा बल्ब ओळखला होता. वासाचं देव जाणे. पण ज्याला दिला तो नांदगावचा माणूस भांडायला परत आला नाही, एवढं खरं. एसटीचं तिकीट परवडलं नसेल, असंही काही जण म्हणत.

अशा माणसाच्या नशिबी भिमाबाई आल्या.

भिमाबाई म्हणजे भगूरकडच्या वाड्यावस्त्यांवर फिरणारी नर्सबाई. कुठं बाळंतपण अडलं की पदर खोचून मोपेडवर निघायच्या. बाईच्या जातीनं फटफटी हाकायची म्हणजे त्या काळी बघायला गर्दी व्हायची. एका वस्तीवरची म्हैस तर मोपेडचा आवाज आल्याशिवाय पान्हा सोडत नसे, असं सांगतात. तर या मोपेडचा पुढचा बल्ब टिकेना. बसवला की आठवड्याच्या आत गेला. बाई नियमानं मेलेला बल्ब रुमालात बांधून आणायच्या, केरू तंतोतंत तसाच नवा द्यायचा, आणि पुढच्या आठवड्यात रुमाल पुन्हा काउंटरवर.

"केरूभाऊ, बल्ब विकता का उदबत्ती?"

"बाई, बल्ब बरोबरच आहे. हा बघा, आतून काळा पडलाय. करंट जास्त जातोय. मेकॅनिकला दाखवा."

"दाखवला. तो म्हणतो, गाडी चोख आहे, तुमचे बल्ब खोटे."

"माझा बल्ब खोटा?" केरूचा आवाज चढला. "तुम्हीच गाडी दामटत असाल."

"बाळंतीण तिकडं कळा देतेय, आणि मी काय वरातीसारखी जाऊ?"

गल्ल्यावरून शेठनं चष्म्यावरून पाहिलं. आधीच केरूच्या नियमानं हात हलवत परत जाणारी गिऱ्हाइकं त्याला खुपत होती. बाई गेल्यावर तो म्हणाला, "केरू, आणखी एकदा ही बाई भांडायला आली ना, तर तू गोदामात आणि झुंबर काउंटरवर. तो निदान गोड बोलतो."

झुंबर गोदामातला. त्याला बारा आणि चोवीस यांत एवढाच फरक माहीत की एक खोकं वर असतं आणि एक खाली. केरूनं बसल्या जागी स्टूल घट्ट धरलं. ते लाकडी स्टूल म्हणजे त्याची सगळी इस्टेट. घरी बायको ऐकत नव्हती, पोरगा ऐकत नव्हता; पण त्या स्टुलावर बसून बोललेलं सायखेड्यापासून सटाण्यापर्यंतचे ड्रायव्हर मुकाट्यानं ऐकत.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात भिमाबाई अंधारात नाल्यात पडल्या. बल्ब भगकन मोठा झाला आणि गेलाच. मनगट मुरगळलं, मोपेडचं हँडल वाकलं. ज्या बाळासाठी निघाल्या होत्या ते म्हणे बाईंची वाट बघून कंटाळलं आणि आपलं आपणच बाहेर आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होते. पण बाईंनी भर वस्तीत जाहीर केलं, "आता त्या केरूला सोडत नाही."

निरोप केरूपर्यंत आला. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो खिशात पुढचे-मागचे बल्ब टाकून सायकलवर भगूरला निघाला. इतकी वर्षं बल्ब विकले, पण गिऱ्हाइकाची गाडी जाऊन बघायची म्हणजे त्याला सोनारानं नवरीच्या घरी जाऊन नाक तपासण्यासारखं वाटायचं. पण स्टूल जायची वेळ आली की माणूस नाकंही तपासतो.

बाई लसी टोचायला गेल्या होत्या. अंगणात सरळ केलेल्या हँडलची मोपेड, आणि तिच्याजवळ उकिडवे बसलेले बाईंचे यजमान सहादू. कॅम्पातल्या मेसमध्ये वाढप्याचं काम करून नुकतेच घरी बसलेले, हडकुळे, हळू बोलणारे.

केरूनं गाडी सुरू करून पुढची वायर तपासली, होल्डर तपासला. सगळं चोख. वैतागून तो मागं आला आणि सहज म्हणून लाल काचेचे स्क्रू काढले. आत होल्डर रिकामा. लख्ख पुसलेला, आणि रिकामा.

"यातला बल्ब कुठाय?"

अंगणातली काडी उचलून सहादू मातीत रेघा मारू लागले.

"सहादूभाऊ, मागचा बल्ब कुणी काढला?"

"म्याच काढला," ते खाली बघून म्हणाले. "ती राती-बेराती जाती. रस्त्यानं खड्डे, जनावर. म्हनलं, मागचा दिवा तिला काय कामाचा? मागचा काढला तर त्याचा उजेड बी पुढं जाईल. आन् गेला बी भाऊ! पैल्या दिशी आसा लख्ख पेटला की मला बरं वाटलं."

केरू मटकन ओट्यावर बसला. मोपेडला बॅटरी नसते. इंजिन जेवढा करंट काढील तेवढा पुढच्या-मागच्यानं वाटून खायचा. एक उठवला की दुसऱ्याच्या ताटात सगळं वाढलं जाणार, आणि अजीर्णानं तो मरणार. एवढी साधी गोष्ट! पण मेलेला बल्ब पुढचा होता, म्हणून केरूनं कधी मागचं विचारलंच नव्हतं. आणि रुमालात बांधून आणलेला बल्ब तरी काय सांगणार?

"म्हणजे बाई पडल्या त्या..." तो बोलून गेला आणि थांबला.

सहादूच्या हातातली काडी मोडली. "ती पडली त्याच्या दुसऱ्या दिशी मला शंका आली. बोलाया तोंड उघडतो आन् तिचं सुजलेलं मनगट दिसतं. आता तुम्ही सांगाल तिला?"

"नाही सांगितलं तर माझं स्टूल जाईल हो, सहादूभाऊ. शेठनं बजावलंय."

"मग सांगा," सहादू म्हणाले. "तुमचं बी पोट हाय."

एवढं म्हणून ते घरात गेले आणि केरूसाठी चहा ठेवला. चहात साखर इतकी पडली होती की चमचा उभा राहावा. केरूनं तो पिऊन टाकला, खिशातला मागचा बल्ब बसवला, लाल काच लावली आणि सायकल काढली. वाटभर तो सहादूला शिव्या देत होता, आणि विहितगाव आल्यावर स्वतःला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच मनगटाला पट्टी बांधलेल्या भिमाबाई हजर. रुमाल काउंटरवर आपटला.

"शेठ, तुमच्यासमोर विचारते. केरूभाऊ, हे बल्ब खोटे होते का नव्हते?"

झुंबर गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. केरूला काय म्हणायचं ते तोंडपाठ होतं. अख्खी रात्र त्यानं तेच घोकलं होतं : बाई, घरी जा आणि यजमानांना विचारा. त्यानं बाईंच्या मनगटाकडे पाहिलं. पट्टी नर्सबाईनं एका हातानं बांधली नव्हती हे उघड होतं. कुणीतरी वेंधळेपणानं पण जपून, पुन्हा पुन्हा गुंडाळली होती आणि शेवटी पिना जास्तच टोचल्या होत्या.

"असतील," केरू म्हणाला. "माल खराब आला असेल."

शेठच्या हातातलं पेन थांबलं. या माणसानं एक वेळ देवाची चूक कबूल केली असती, आपल्या बल्बची नाही.

"बघा! निदान आता तरी कबूल झाले," बाई म्हणाल्या.

"झुंबर," शेठ म्हणाला, "बाईंना नवा बल्ब दे."

झुंबरनं त्याच खोक्यातला, त्याच रांगेतला बल्ब काढला, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी प्रसादासारखा बाईंना दिला. केरू स्टुलावरून उतरला. कुणी उतर म्हणायच्या आधीच उतरला, तेवढाच त्याचा मान.

तो बल्ब टिकला. पावसाळा गेला, दिवाळी झाली, तरी टिकला. आणि बातमी पसरली : झुंबरच्या हाताला गुण आहे. कॅम्पातून, भगूरमधून, पार सिन्नरकडून लोक येऊ लागले. "त्या हातगुणवाल्याकडूनच घ्यायचा." झुंबर मेलेला बल्ब बघत नसे, व्होल्ट विचारत नसे, फुंकर मारून हाताला येईल तो देई. निम्मे बल्ब वाटेतच जळत, पण लोक म्हणत, आपलंच नशीब फुटकं, झुंबरभाऊंनी तर फुंकर मारली होती.

गोदामात केरू दात-ओठ खाई. "अरे, गाडी कुठली ते विचार! मागचा पेटतो का ते विचार!" तो आतून ओरडे. झुंबर गिऱ्हाइकाला हसून सांगे, "लक्ष देऊ नका, जुना माणूस आहे."

एकदा भर दुपारी पुढून भिमाबाईंचा आवाज आला. "झुंबरभाऊ, पेढे घ्या. दहा वस्त्या पालथ्या घातल्या, पण दिवा दगा देत नाही. आधी तो केरू होता ना, नुसता बडबड्या."

केरू सीलबीमची खोकी लावत होता. त्यानं एक खोकं चुकून बाराच्या थप्पीतून चोवीसच्या थप्पीवर ठेवलं, मग शिवी देऊन परत जागेवर ठेवलं. गोदामाला गल्लीकडे एक जाळीची खिडकी होती. बाहेर मोपेड उभी होती, आणि तिच्याजवळ सहादू. त्यांना जाळीआडचा माणूस दिसला. खांद्यावरचं उपरणं काढून ते गाडीच्या मागं खाली बसले आणि लाल काच पुसू लागले. काच स्वच्छच होती. बाई पेढे वाटून बाहेर येईपर्यंत ते पुसतच राहिले.