तीन उभ्या, एक तिरकी

"बाई, जरा लांब व्हा. ही भरलेली आहे."

नर्सबाई टेबलापासून दोन पावलं मागे सरकल्या. संग्रहालयाच्या तळघरातल्या त्या खोलीत सरकायला तेवढीच जागा होती. "भरलेली? अहो, माझ्या जन्माआधीपासून माळ्यावर पडून होती ती!"

"असेल पडून. हा गज बघा." कानसमामांनी ठासणीच्या त्या बंदुकीच्या नळीत लाकडी गज सोडला, तोंडाशी पेन्सिलीनं खूण केली आणि गज बाहेर काढून नळीच्या अंगाला लावला. खूण तोंडाशी धरली तर त्याचं टोक नळीच्या बुडापासून चार बोटं आखूड पडलं. "या चार बोटांत दारू आणि गोळी बसलीय."

मामांना सगळे कानस म्हणत, ते काही नुसतं हातातल्या हत्यारामुळे नव्हे. जीभही तशीच होती. एकतीस वर्षं जुनी शस्त्रं दुरुस्त करताना त्यांनी कुणाच्या कामाला 'बरं आहे' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. स्वतःच्या कामालाही नाही.

नर्सबाईंचे वडील त्र्याण्णव वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. घर रिकामं करताना ही बंदूक निघाली. परवाना नव्हता. पोलिसांनी सांगितलं, सोमवारपर्यंत संग्रहालयानं लेखी ताब्यात घेतली तर ठीक, नाहीतर भट्टीत जाईल. वडिलांनी मात्र एकच धोशा लावला होता : माझ्या आजोबांची आहे ती, लढाईतली. ती गेली तर त्यांच्या लढाईचं काही म्हणता काही उरणार नाही.

आणि मामांनी ती दारातच ओळखली होती. जोडबंदूक. नळी एकीकडची, घोडा दुसरीकडचा. अशा बंदुकांसाठी संग्रहालयाचा नियम होता, 'भेसळ, घेऊ नये', आणि तो वीस वर्षांपूर्वी मामांनीच घालून दिला होता. तेव्हापासून अकरा बंदुका त्यांनी नुसत्या बाहेरून बघून नाकारल्या होत्या. अकराही भट्टीत गेल्या. ही बारावी ठरायची. पण भरलेली बंदूक कुणाच्या हातात कशी द्यायची? रिकामी करायला तिला उघडणं भाग होतं.

ठिणगीच्या भोकातून तेल सोडून त्यांनी दारू भिजवली. तासाभरानं पिळाच्या टोकाचा गज घालून गोळी ओढून काढली. चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी होती. मग आतली घाण धुवायला स्क्रू काढून नळी दस्त्यावरून उचलली, उलटी केली, आणि मामा तिच्यावर वाकले.

"काय झालं?"

"थांबा जरा."

त्यांनी चष्मा पुसला. दिवा जवळ ओढला. घोड्याची पट्टी काढून तिच्या आतल्या अंगाला बघितलं, मग दस्त्यातल्या खोबणीत बघितलं.

"ही नळी शिकाऱ्याची. आठ कोनांची, आत पिळाच्या सात खाचा. लांबच्या थंड मुलखातली असणार. घोडा फौजेचा, पूर्वी गारगोटीवर चालणारा, मागाहून बदललेला. दस्ता म्हणजे पलंगाची फळी. हे बघा, पलंगाचं जुनं भोक लाकडानंच बुजवलंय. आणि चापाखालची ही कडी..." मामा चक्क हसले. "ही कपाटाच्या खणाची मूठ आहे हो!"

"म्हणजे भंगारच की," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"भंगार?" मामांनी नळी पुन्हा खोबणीत ठेवली आणि फटीत पातळ कागद सरकवायला गेले. कागद आत शिरेना. "फळीत नळी अशी बसवून दाखवा मला! एका देशाचा स्क्रू दुसऱ्या देशाच्या भोकात जात नाही, म्हणून यानं एकूण एक स्क्रू हातानं कापलाय. आणि ही खूण बघा. तीन उभ्या रेघा, एक तिरकी. नळीखाली, पट्टीच्या पोटात, लाकडावर, सगळीकडे तीच. चार बंदुका एकदम उघडल्या की तुकडे मिसळू नयेत म्हणून कारागीर अशी खूण करतो. तुकडे कुठले का असेनात, हात एकाच माणसाचा आहे."

नर्सबाई वाकल्या. बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उघडून एक काळपट कात्री काढली आणि टेबलावर ठेवली. नोकरीभर वॉर्डात वापरलेली, निवृत्तीनंतरही पर्समधून न गेलेली. तिच्या पात्याच्या आतल्या बाजूला तीन उभ्या रेघा होत्या, एक तिरकी.

"पणजोबांनी केलेली आहे ही. मला वाटायचं, कुणीतरी ओरखडे काढलेत."

मामांनी कात्री दोनदा उघडली, मिटली. आवाज झाला नाही.

"म्हणजे ते लढाईत नव्हतेच," नर्सबाई म्हणाल्या.

"लढाईतून जे मोडून यायचं, ते त्यांच्याकडे यायचं."

"बाबांना काय सांगू मी? जन्मभर शिपाई होते, शिपाई होते म्हणून सांगत आलेत."

मामांनी कात्री हळूच बाईंपुढे सरकवली. "सांगा, एकतीस वर्षं हेच काम केलेला माणूस म्हणाला, मला हे जमलं नसतं."

नर्सबाईंनी कितीतरी मरणं कोरड्या डोळ्यांनी पाहिली होती. आता मात्र त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला.

संचालकबाई जिना उतरून आल्या. टेबलावरचे सुटे भाग बघून म्हणाल्या, "जोड आहे ना, मामा? मग नियम तुमचाच आहे."

"माझाच. चुकला तो."

हा शब्द मामांच्या तोंडून त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी नोंदीचं कोरं कार्ड पुढे ओढलं. 'बनवणारा' या रकान्यात नर्सबाईंनी सांगितलेलं पणजोबांचं नाव लिहिलं. मग मामांनी कार्ड आपल्याकडे घेतलं आणि नावाशेजारी पट्टी धरून चार रेघा काढल्या. तिसरी किंचित हलली, म्हणून स्वतःवरच चरफडले.

नर्सबाई वडिलांना फोन करायला वर गेल्या. "बाबा, ऐकताय ना?" हे त्यांचे शब्द जिन्यावरून खाली येत राहिले.

मामांनी कपाटातून जुनी वही काढली. अकरा नोंदी, सगळ्या त्यांच्याच ठसठशीत अक्षरात. अकराही ठिकाणी 'भेसळ' असं लिहिलेलं, आणि 'बनवणारा' हा रकाना कोरा. मामांनी पेन उघडलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.