चारपर्यंतचा उजेड

वरूडहून पहाटे निघालेली मोटर मोर्शीला अर्धा तास थांबून साडेदहाला अमरावतीत पोचली. गावात सांगितलं होतं की पुंजाराम बायकोला अंबादेवी दाखवायला आणि थोडा बाजार करायला नेतो आहे. खरं काम दवाखान्याचं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, शकुनला मूल नव्हतं, आणि तिच्या सासूने, मनकर्णाबाईंनी, मोर्शीची एक मुलगी हेरून ठेवली होती. त्याआधी मला एकदा अमरावतीच्या डॉक्टरीण बाईंना दाखवा, एवढं शकुन दोन वर्षं मागत होती. ते आज मिळालं होतं. दोष तिच्यात निघाला किंवा काहीच कळलं नाही, तर दिवाळीनंतर सवत येणार हे ठरलेलं होतं.

डॉक्टर सत्यवतीबाईंचा दवाखाना जुन्या शहराच्या परकोटाबाहेर होता. त्यांनी शकुनला पाऊण तास तपासलं, पाळीचे दिवस विचारून लिहून घेतले, आणि मग पुंजारामला आत बोलावलं. मला जेवढं तपासता येतं तेवढ्यात हिच्यात काही दोष नाही, त्या म्हणाल्या. आता तुम्हाला तपासायला हवं. तपासणी कशाची आणि कशी, तेही त्यांनी न लाजता सांगितलं. एक बाटली, मागची रिकामी खोली, आणि तासाभराच्या आत काचेखाली थेंब. वरूडहून आणून चालणार नाही, वाटेतच सगळं मरून जाईल. थेंब मोठा करून दाखवणाऱ्या त्यांच्या यंत्राला वीज नव्हती. खाली एक आरसा होता, तो खिडकीतला उजेड वर फेकायचा. खिडकी पूर्वेची, समोर जिनिंग कारखान्याची उंच भिंत. चारनंतर नीट दिसत नाही, म्हणून चारच्या आत यायचं.

शकुन यंत्राकडे बघत राहिली होती. सत्यवतीबाईंनी बागेतल्या हौदाच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून तिला डोळा लावायला सांगितलं. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एक उजळ गोल आला आणि त्यात पारदर्शक जीव धावताना दिसले. एक थांबला, वळला, परत गेला. असतील तर दिसतात, नसतील तर दिसत नाहीत, एवढीच ती गोष्ट होती. तिने नवऱ्याला बघा म्हटलं. तो दारातूनच म्हणाला, "देवीचं दर्शन झाल्यावर येऊ."

बाहेर पडल्यावर तो तिच्या बरोबरीने चालू लागला. नऊ वर्षं तो तिच्यापुढे दहा पावलं चालत आला होता, त्यामुळे तिला चालणं जमेना. अंबादेवीला त्याने मोठा हार घेतला. मग एकवीरादेवी. मग परकोटाच्या दरवाजातून आत नेऊन त्याने तिला भिंतीची रुंदी दाखवली, तीही हाताने मोजून. रुईच्या बाजारात कापसाच्या गाड्या कशा तोलतात ते समजावून सांगितलं. इतकं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. शकुन दर थोड्या वेळाने कुणाला तरी वेळ विचारत होती. हारवाल्याने साडेबारा सांगितले, रुईच्या दलालाने पावणेदोन.

मग फोटो. फोटोवाल्याने पुंजारामला खुर्चीवर बसवलं, शकुनला शेजारी उभं केलं आणि बजावलं की अजिबात हलायचं नाही.

"यायले नोका सांगू," शकुन म्हणाली. "हे सकाळपासून हलून नाही राहिले."

फोटोवाला हसला. पुंजारामही हसला, आणि तिला बर्फाचं सरबत पाजायला घेऊन गेला. तिथे तिने अडीच वाजल्याचं ऐकलं, आणि ग्लास खाली ठेवला.

पुंजाराम संत्र्याची कलमं बांधायचा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवण्यात त्याचा हात धरणारा वरुडात कुणी नव्हता. शेंदुरजन्यापर्यंतचे बागवाले त्याला बोलावत.

"शंभर डोळे बांधले आन दहा नाही लागले," ती म्हणाली, "त तुमी काय करता?"

"पाहतो."

"काय पाहता?"

"खुंट पाहतो. डोळा पाहतो. चाकूले काही लागलं होतं का पाहतो."

"मंग घरी खुंटच काहून पाहता?"

त्याने बर्फाचा खडा ग्लासात फिरवला. मग म्हणाला, "आन डोळ्यातच निघालं त? मंग मले कोन हात लावू देईन झाडाले?"

शकुनला ते समजावून सांगावं लागलं नाही. चार वर्षांपासून मनकर्णाबाई तिला नव्या कलमांना पाणी घालू देत नव्हत्या. शेजारणी रोपं लावताना तिला काही काम काढून घरी पाठवत. वांझ हात लागला की डोळा सुकतो, असं सगळेच मानत. बांधावर उभं राहून ती बघायची, आणि तेव्हा तिचा नवरा खाली मान घालून डोळे बांधत असायचा. त्या हाताचं काय होतं हे त्याने जवळून पाहिलं होतं. म्हणूनच तो भीत होता.

"कोनाले नाही सांगत मी," ती म्हणाली. "तुमी अन मी. मांडीवर कोनाचं लेकरू घेऊ, पन सवत नोका आनू."

तो उठला. दवाखान्याकडे निघाला असं तिला वाटलं, आणि चौकापर्यंत तो खरोखर त्याच रस्त्याने चालला. चौकात वळून एका मोठ्या कापडदुकानाच्या पायऱ्या चढला.

तीन वाजून गेले होते. दुकानदाराने गादीवर बसवलं, पाणी दिलं. पुंजारामने भारी लुगडी काढायला सांगितली. एकाचा काठ अरुंद, एकाचा पदर भडक, एकाचं सूत जाड. गठ्ठ्यामागून गठ्ठा सुटत गेला. एवढा चोखंदळ तो फक्त डोळे निवडताना असे. शकुनने पहिलंच लुगडं पसंत केलं, तेव्हा तो घाई कशाला म्हणाला. तिने दुसरं पसंत केलं, तेव्हा त्याने आणखी दाखवायला सांगितली. ती दोनदा उठली. एकटी जाऊन उपयोग नव्हता. बाटलीत घालायचं ते तिच्याकडे नव्हतं.

दुकानातल्या घड्याळाने चार ठोके दिले. पुंजारामने ते मोजले असावेत, कारण चौथ्यानंतर त्याने मांडी सैल केली आणि समोरच्या जांभळ्या लुगड्यावर हात ठेवला. "हेच बांधा."

दुकानदार घडी घालू लागला. शकुनने त्याचा हात थांबवला.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "यायचं लगन हाय दिवाळीनंतर. नवरीचंही आजच दाखवा. परत यायचा हेलपाटा कायले?"

दुकानदाराने दोघांकडे पाहिलं आणि नजर लुगड्याकडे वळवली. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. आता तरी तो रागावेल, नाही म्हणेल, उठून जाईल, असं तिला वाटलं होतं.

पुंजाराम गादीवरची एक सुरकुती हाताने सारखी करत होता.

"हिरवं दाखवा," तो म्हणाला. "तिले हिरवं खुलते."